अरवली, वरिष्ठतेनुसार

ज्या गोष्टीला परवानगी लागत नाही तिचीसुद्धा परवानगी मागून ठेवलेली बरी, असं गुणवंतराव सरपोतदारांचं ठाम मत होतं. त्या मतापायीच मराठी मंडळाची फेब्रुवारीतली सहल मार्चच्या उन्हात जाऊन पडली. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. केंद्र सरकारच्या मंत्रालयात अंडर सेक्रेटरी असलेला माणूस चुकत नसतो; फार तर त्याचा प्रस्ताव प्रलंबित राहतो.

सहल ठरली ती हळदीकुंकवात. सरोजिनी नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये संक्रांतीचं वाण लुटलं जात होतं आणि त्यांच्या पत्नी हेमलताबाईंनी सहज सांगितल्यासारखं सांगून टाकलं, की आमची अक्षया लोकांना अरवलीत चालायला नेते. हे 'सहज' त्यांनी आठवडाभर घोटून ठेवलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी भानुमतीबाई म्हणाल्या, "अय्या, मग आम्हाला पण न्यायला सांग की गं तिला!" आणि चहा यायच्या आत बस भरेल इतकी नावं झाली. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसलेल्या गुणवंतरावांनी टीव्हीच बंद केला.

कारण अक्षया हा त्यांच्या घरातला न सुटलेला विषय होता. इंजिनीयर झालेली, नोएडाच्या कंपनीत चांगली चिकटलेली पोरगी मागच्या वर्षी एके दिवशी राजीनामा देऊन घरी आली आणि फरिदाबादच्या पलीकडच्या दगडधोंड्यांत माणसं फिरवू लागली. चालायला माणसाला दुसरं माणूस कशाला लागतं, हा गुणवंतरावांचा साधा प्रश्न होता. आणि तिथे आहे काय? खडक, काटे आणि राजस्थानातून उडून आलेली वाळू. सह्याद्री सोडून आलेल्या माणसाला असल्या टेकाडांना डोंगर म्हणायची लाज वाटते, असं ते दर गणेशोत्सवात कोणाला ना कोणाला ऐकवत. सह्याद्रीत ते शेवटचे गेले ते शाळेच्या सहलीबरोबर, ही गोष्ट वेगळी.

"रीतसर परवानगी काढली आहेस का?" त्यांनी जेवताना विचारलं.

"बाबा, कोणाला विचारायचंच नसतं यार. गावाचा रस्ता आहे तो. बकऱ्या जातात तिथून."

"बकऱ्या केंद्र सरकारच्या सेवेत नाहीत," गुणवंतराव म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला.

अर्ज करणं ही त्यांची चूक. कारण जोवर अर्ज नव्हता तोवर फाइल नव्हती, आणि फाइल नसली की हरकत घ्यायला जागाच राहत नाही. आता फाइल झाली. संबंधित कार्यालयातून उलट विचारणा आली, की सदर कार्यक्रम चित्रीकरण, संशोधन की धार्मिक, यांपैकी कशात मोडतो ते स्पष्ट करावं. 'पायी चालणे' असा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता. शेवटी गुणवंतराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वतः गेले.

"सरजी, पैदल चलने की परमिशन?" तिथला बाबू चष्मा वर करून म्हणाला. "वो तो कोई लेता ही नहीं. ज़रूरत ही नहीं है."

"तो यही लिखकर दे दीजिए, कि ज़रूरत नहीं है."

"जिस चीज़ की ज़रूरत नहीं, वो लिखकर कैसे दें?"

गुणवंतरावांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. स्वतःच्या टेबलामागे बसून त्यांनी हेच उत्तर किती जणांना दिलं होतं, पण इतक्या थोडक्या शब्दांत त्यांना ते कधी जमलं नव्हतं. या कौतुकात आणि पत्रव्यवहारात फेब्रुवारी सरला. थंडी गेली, पंखे सुरू झाले, आणि मार्चमधला एक रविवार कोणाच्याही परवानगीशिवाय नक्की झाला.

त्याच आठवड्यात नोएडाच्या कंपनीचा निरोप आला. अक्षयाला परत बोलावलं होतं, पहिल्यापेक्षा वरच्या जागेवर. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. गुणवंतरावांना देव पावल्यासारखं झालं. दोन दिवसांनी अक्षयाच त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही एकदाही माझं काम बघितलं नाही. रविवारी तुम्ही पण या. पूर्ण दिवस. त्यानंतर तुम्ही म्हणाल तेच मी कळवेन. प्रॉमिस."

"मी म्हणेन तेच?"

"बिल्कुल तेच."

गुणवंतरावांनी लगेच होकार दिला. मनातल्या मनात त्यांनी सोमवारचं उत्तरही लिहून टाकलं.

सहलीची बातमी जिन्यात पोचल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. वरच्या मजल्यावरच्या मिसेस भसीन खास खाली येऊन म्हणाल्या, "भाईसाब, वहाँ तेंदुआ है. लाल मिर्च साथ रखना." बिबट्याला तिखट कसं द्यायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या रिटायर्ड मास्तरांनी ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाने खिशात कच्चा कांदा ठेवावा असं बजावलं. हेमलताबाईंनी दोन्ही सल्ले शिरोधार्य मानले. अक्षयाने 'हलकं खाणं आणा' असा निरोप पाठवला होता. मंडळाच्या महिलांनी त्यावर बैठक घेतली आणि थालीपीठं, दडपे पोहे, मटकीची उसळ आणि श्रीखंडाचा स्टीलचा मोठा डबा एवढ्यावर भागवलं. डबा उचलायला मारुती होता. मारुती नांदेडहून यूपीएससीची तयारी करायला आलेला मुलगा. मंडळात घरचं जेवण मिळतं म्हणून तो प्रत्येक कार्यक्रमाला येई आणि मिळेल ते ओझं बिनतक्रार उचली.

रविवारी सकाळी बस निघाली ती अण्णासाहेबांसाठी तासभर थांबून. अण्णासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, जॉइंट सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली होती, पण ते जिन्यातून उतरू लागले की अजूनही लोक हातातले फोन खिशात घालत. बसमध्ये कोणी कुठे बसावं हे कोणी ठरवलं नव्हतं, तरी पहिल्या बाकावर अण्णासाहेब, त्यांच्यामागे डायरेक्टर टिपरे, मग डेप्युटी सेक्रेटरी, मग आपापल्या यजमानांच्या हुद्द्याप्रमाणे बायका, असं सगळं आपोआप लागलं. शेवटच्या बाकावर मारुती आणि श्रीखंड.

गाव मागे टाकून बस जिथे थांबली तिथून पुढे नुसता खडक होता. गुलाबी-करड्या दगडांची उघडी पाठ, मधे मधे चमकणारं अभ्रक, खुरटे खैर आणि सगळीकडे माजलेले, बाभळीसारखे काटेरी कीकर. पायाखाली बारीक वाळू. ऊन तापायला लागलंच होतं. अक्षयाने सगळ्यांना गोलात उभं केलं. घरात स्वतःचा टॉवेल न सापडणारी पोरगी इथे दोन वाक्यांत पाणी कधी प्यायचं, पाय कुठे ठेवायचा, काट्यांपासून हात कसा जपायचा, सगळं समजावत होती. गुणवंतरावांनी ते ऐकलं, पण कौतुक करायचा त्यांचा बेत नव्हता.

"मी सगळ्यांत पुढे. आणि सगळ्यांत मागे एक जण फिक्स. त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही," ती म्हणाली. "मागे बाबा."

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. मागे म्हणजे टिपऱ्यांच्या मागे, ते एक वेळ समजता आलं असतं. पण मारुतीच्या मागे? ज्याची प्रिलिम अजून निघायची होती त्याच्या? नोकरीत त्यांना दोनदा डावललं होतं, पण तेव्हा निदान लेखी कारण मिळालं होतं. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, घरातलं माणूस म्हणून निदान मधे तरी ठेव."

"बाबा, मागची जागा सगळ्यांत भरवशाच्या माणसाला देतात," तिने त्यांच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. "कोणी वाट चुकलं तर जोरात वाजवायची. मी येते."

हे समजूत घालणं आहे, हे कळण्याइतकी त्यांची नोकरी झाली होती. ते गळ्यात शिट्टी आणि खिशात कांदा घेऊन मारुतीच्या मागे चालू लागले. मारुती डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत अरवली ही किती प्राचीन पर्वतरांग आहे, तिची झीज कशी झाली, हे मुद्देसूद सांगत होता. परीक्षेतल्या उत्तरासारखा शेवटी निष्कर्षही होता.

पुढे मात्र वेगळंच चाललं होतं. अक्षयाने पुढे चालायचं, हे अण्णासाहेबांना तत्त्वतः मान्य होतं. पण त्यांचे पाय कोणाच्या मागे चालायला शिकलेलेच नव्हते. ते तिच्या बरोबरीने आले, मग अर्धं पाऊल पुढे, मग "मुली, तू जरा मागच्यांकडे बघ, मी आहे इथे" असं म्हणून पूर्ण पुढे. त्यांना गुडघ्याचा त्रास होता, त्यामुळे सगळी रांग त्यांच्या गुडघ्याच्या वेगाने चालली. त्यांना ओलांडून जायची कोणाची छाती नव्हती. ते मोर बघायला थांबले की सगळे मोर बघत. ते घाम पुसू लागले की मागे रुमालांची रांग निघे. एका वळणावर त्यांनी समोरच्या जनावराला घोडा म्हटलं. ती नीलगाय आहे हे मारुतीला माहीत होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती.

एका मोठ्या फुटक्या खडकापाशी वाट दुभंगत होती आणि तिथेच टिपऱ्यांच्या बुटाचा तळवा सुटला. बूट चांगल्या कंपनीचे होते, पण मागच्या एलटीसीच्या सरकारी खर्चाच्या सहलीनंतर ते कपाटातच होते. चालता चालता तळवा जबड्यासारखा उघडला आणि टिपरे मटकन दगडावर बसले.

"कोणी पुढे जाऊ नका. इथेच थांबा," अक्षया म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून दोरीने तळवा बांधू लागली.

थांबा हा शब्द अण्णासाहेबांसाठी नव्हता. तो इतरांसाठी आहे असं समजून ते उजव्या हाताच्या रुंद वाटेने निघाले. अण्णासाहेब चालत असताना आपण उभं राहायचं, हे बाकीच्यांच्या हाडांना मानवेना. डेप्युटी सेक्रेटरी निघाले, त्यांच्यामागे बायका निघाल्या. आपल्यापेक्षा खालच्या हुद्द्याचा माणूस पुढे चाललेला बघून टिपरेही अर्ध्या बांधलेल्या बुटानिशी फटक फटक करत धावले आणि त्याच्या पुढे गेले.

"अहो, थांबा ना! डावीकडे जायचंय!" अक्षया प्रत्येकाला सांगत होती.

"हो गं, पण अण्णासाहेब निघाले ना," म्हणून प्रत्येक जण पुढे जात होता.

ती उठून सामान गोळा करेपर्यंत सगळी रांग अरुंद वाटेत शिरली होती. दोन्ही बाजूंना कीकरांचं कुंपण, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. मागे उरले ती आणि गुणवंतराव, आणि त्यांच्या लगेच पुढे मारुती.

"बाबा, पुढे दगडाची जुनी खाण आहे," तिचा आवाज बदलला होता. "वाट एकदम संपते. सरळ खाली."

तिने जोरात हाक दिली, "पुढे खाण आहे! थांबा!" आणि निरोप रीतसर वर जाऊ लागला. मारुतीने पुढच्या बाईंना सांगितलं, "काकू, पुढे खाण आहे, थांबा म्हणतात." काकूंनी पुढे सांगितलं, "थांबलेलं बरं, असं म्हणतात." डेप्युटी सेक्रेटरींना 'थांबा' हा शब्द वर पाठवणं बरं दिसेना. त्यांनी टिपऱ्यांना सांगितलं, "पुढे खाण आहे, त्या दृष्टीने विचार व्हावा." टिपऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि आदबीने अण्णासाहेबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "सर, पुढे एक जुनी खाण बघण्यासारखी आहे म्हणे."

"अस्सं? मग चला की," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

मागून अक्षयाला तो वाढलेला वेग दिसला. ती काट्यांतून अंग घालून माणसांच्या कडेने पुढे घुसली. तिची बाही टरकन फाटली. जाता जाता ती ओरडली, "बाबा, शिट्टी!"

गुणवंतरावांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही. पूर्वी कधीतरी याच अण्णासाहेबांनी त्यांचा गोपनीय अहवाल लिहिला होता, त्यात 'अत्यंत आज्ञाधारक' असा शेरा होता. आयुष्यात मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र त्यांना पाठ होतं. जॉइंट सेक्रेटरीवर शिट्टी वाजवायची? हल्ली शिट्टी चपराशावरही वाजवत नाहीत, फार तर रिक्षावाल्यावर वाजवतात. त्यांना पांढऱ्या केसांचं ते डोकं कीकरांच्या वरून डुलत पुढे जाताना दिसलं. त्याच्या पुढे झाडं नव्हती, नुसतं आभाळ होतं. आणि काट्यांत अडकलेली, रक्ताळलेल्या हाताने फांदी बाजूला सारणारी पोरगी दिसली. तिथपर्यंत ती वेळेत पोचणार नव्हती.

गुणवंतरावांनी डोळे मिटले आणि शिट्टी फुंकली. ती अशी फुंकली की छातीत नोकरीभर साठलेली सगळी हवा त्या एका फुंकीत बाहेर आली. खडकांनी ती परत फेकली. कुठल्यातरी दरीतून मोर ओरडले. रांग जागच्या जागी थिजली आणि आयुष्यात प्रथमच कोणीतरी थांबवल्यामुळे अण्णासाहेब थांबले.

काठ त्यांच्या अगदी पुढ्यात होता. खाली कातळाची तासलेली भिंत आणि तळाशी हिरवं पाणी. अक्षया पोचली, तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना हळूच दोन पावलं मागे आणलं. भानुमतीबाईंनी तिथेच बसकण मारली.

मग अण्णासाहेब वळले. "शिट्टी कोणी वाजवली?"

"मी, सर," रांगेच्या शेवटून गुणवंतराव म्हणाले.

"सरपोतदार, तोंडी सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं, सर. वर पोचेपर्यंत ते..."

अण्णासाहेबांनी टिपऱ्यांकडे पाहिलं. टिपऱ्यांनी बुटाकडे पाहिलं. मग म्हातारा एकदम हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "समजलं. मीही मंत्र्यांना असंच सांगत आलो. सगळं बघण्यासारखं आहे म्हणे," ते म्हणाले. मग अक्षयाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मुली, चुकलो मी. आता कसं जायचं, तू सांग."

त्या एका वाक्यासरशी सगळी रांग अक्षयाकडे बघू लागली. टिपरे, बायका, मारुती, सगळे. गुणवंतरावही. तिने आधी अण्णासाहेबांना पाणी दिलं, मग भानुमतीबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि घरात कधीच ऐकू न आलेल्या शांत आवाजात म्हणाली, "काही घाई नाही. जागेवरच मागे वळायचं आणि एकेक पाऊल टाकत यायचं."

वाट इतकी अरुंद होती, की मागे वळल्यावर सगळी सेवाज्येष्ठता उलटी झाली. सगळ्यांत पुढे गुणवंतराव, मग मारुती आणि श्रीखंड, आणि शेवटी अध्यक्ष. आपल्यापुढे कोणीही नाही, ही जाणीव गुणवंतरावांना फुटक्या खडकापर्यंतच पेलली. तिथे ते बाजूला झाले, अक्षया पुढे आली आणि या खेपेला तिच्यापुढे जायचं कोणाच्याही मनात आलं नाही.

डावीकडची वाट एका पठारावर चढत होती. वर पोचल्यावर भानुमतीबाईंच्या तोंडून नुसतं "अगंबाई!" निघालं. सगळ्या करड्या खडकांत लाल-केशरी फुलांनी पेटलेली झाडं उभी होती, पान एक नाही.

"हे ढाक," अक्षया म्हणाली. "मराठीत काय म्हणतात, मला आठवत नाही."

"पळस गं, पळस!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

"फेब्रुवारीत आलो असतो तर एकपण फूल दिसलं नसतं," अक्षया म्हणाली. गुणवंतरावांनी हे ऐकलं आणि त्या बाबूच्या कार्यालयाबद्दल त्यांच्या मनात प्रथमच आपुलकी दाटून आली.

पळसाखाली सतरंजी पसरली. एवढं श्रीखंड कशाला, असं आता कोणी म्हणालं नाही. अण्णासाहेबांनी मारुतीला शेजारी बसवून त्या घोड्याबद्दल विचारलं आणि खरं उत्तर मिळाल्यावर त्याला थालीपीठ वाढलं. जेवणं झाल्यावर अक्षया वडिलांजवळ येऊन बसली. हेमलताबाईंनी तिच्या हाताला पट्टी बांधली होती.

"बाबा, उद्या त्यांना काय कळवू?"

गुणवंतरावांनी मनात लिहून ठेवलेलं उत्तर शोधलं. ते सापडेना.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "तुझ्या नोकरीची, पेन्शनची, पुढच्या सगळ्याची. ती काही आज गेली नाही."

"मग हो कळवू?" तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"ऐकून तर घे. मघाशी सगळी माणसं तुझ्याकडे बघायला लागली, आणि तू घाबरली नव्हतीस. माझी इतकी नोकरी झाली अक्षू, माझ्याकडे असं कोणी बघितलं नाही. मला फार अभिमान वाटला गं तुझा." त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "'नाही' म्हणून कळव त्यांना."

अक्षयाने त्यांना घट्ट मिठी मारली आणि लगेच मागे सरली. "बाबा, खिशात काय आहे तुमच्या?"

"कांदा," गुणवंतराव म्हणाले. "आता चेचला."

ऊन कलल्यावर उतरायची वेळ झाली. अक्षया पुढे जाऊन उभी राहिली आणि बाकीचे हुद्दा न बघता मिळेल तिथे मागे लागले. गुणवंतराव शेवटी जाऊन उभे राहिले, तर काठी टेकत अण्णासाहेब त्यांच्याजवळ आले.

"सरपोतदार, तुम्ही व्हा पुढे. ही मागची जागा आता मला बरी वाटते. इथून सगळी माणसं नीट दिसतात."

आजवर गुणवंतरावांनी कुठल्याही वरिष्ठाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी समोर पाहिलं. रांगेच्या त्या टोकाला अक्षया टाचा उंच करून, मान लांब करून, बाबा जागेवर आहेत ना ते बघत होती. त्यांनी तिला हात केला.

"क्षमा असावी, सर," ते अण्णासाहेबांना म्हणाले. "ही पोस्ट भरलेली आहे."